डायलिसिसच्या खुर्चीशेजारी वाचलेलं वचन: ‘देवाला काहीच अशक्य नाही’

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. उपचारांसाठी काढलेलं कर्ज डोक्यावर आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तुम्ही बायबलच्या ओळी लिहिलेल्या कार्डांतून येत्या वर्षाचं वचन काढलंत, त्यात ‘देवाला काहीच अशक्य नाही’ हे आलं. ते कार्ड तुम्ही फ्रिजवर चिकटवलंत. त्यानंतर प्रकृती उतरतच गेली. मध्ये एका सभेत एका प्रवचनकारांनी सांगितलं की डायलिसिस म्हणजे अविश्वास, ते सोडा, देव नवी किडनी देईल. तुम्ही सोडलं नाहीत, आणि तेव्हापासून आपलाच विश्वास कमी पडला ही टोचणी तुमच्या मनाला लागून राहिली आहे. बारा वर्षांचा मुलगा रोज विचारतो, ‘पप्पा बरे होतील ना?’ आणि तुम्ही मला विचारता, की भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

मी तेहतीस वर्षं पाळक होतो. त्यातली शेवटची अकरा वर्षं इस्पितळातल्या रुग्णांमध्ये गेली. तुमच्यासारखा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची मोजदाद नाही, आणि सुरुवातीच्या काळात मी त्याची फार वाईट उत्तरं दिली आहेत. त्यातलं एक पुढे सांगतो.

सगळ्यांत आधी हे ठाम सांगतो: डायलिसिस सोडू नका. एकही पाळी चुकवू नका. पाळी चुकली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, अंगात पाणी साठतं, आणि हृदय बंद पडू शकतं. हा शरीराचा धर्म आहे, विश्वासणाऱ्याच्या शरीराचाही. तुम्ही ज्या दिवशी त्या सभेतून उठून नवऱ्याला डायलिसिसला घेऊन गेलात, त्या दिवशी तुम्ही देवाचंच काम केलंत. ही टोचणी आज काढून टाका.

पवित्र शास्त्रात याला आधार आहे का, असं तुमच्या मनात येईल. यशयाचा ३८ वा अध्याय काढा. हिज्कीया राजा मरणाला टेकला आहे, रडून प्रार्थना करतो, आणि देव त्याचं आयुष्य १५ वर्षांनी वाढवल्याचं सांगतो. देवाचा शब्द मिळाला, आता काही करायला नको, असं यशया संदेष्टा म्हणत नाही. तो अंजिरं आणून गळवावर बांधायला सांगतो. त्या काळचं ते औषधच होतं. प्रेषित पौलाचं बघा. इफिसात त्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक आजाऱ्यांवर ठेवत आणि ते बरे होत. तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो, तुझ्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, निरोप देता देता, एक लहानसं वाक्य येतं: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. कित्येक वर्षं माझ्या हे वाक्य ध्यानातच आलं नव्हतं. इफिसातला तोच त्रफिम, पौलाचा सोबती. पौलाने त्याच्यासाठी प्रार्थना केली नसेल का? केलीच असेल. तरी तो बरा झाला नाही, आणि पौलाने त्याला ‘तुझा विश्वास कमी’ असं म्हटल्याचा एक शब्दही तिथे नाही.

आता माझं सांगतो. मी नवा पाळक होतो, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. मंडळीतल्या एका शेतमजुराची सात वर्षांची मुलगी तापाने बेशुद्ध झाली होती, मेंदूला सूज होती. वॉर्डात दहाबारा माणसं गोळा झालेली. मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, ‘प्रभूने मला दाखवलंय, ही पोर उठून बसेल.’ सगळे ‘आमेन’ म्हणाले. बाप माझ्या पायाशी बसून रडला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मातीच्या वेळी सगळे पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. आवाज चढलेला नव्हता. ‘पाळकसाहेब,’ तो म्हणाला, ‘देव खोटं बोलला का तुम्ही?’

प्रभूने मला काहीही दाखवलेलं नव्हतं. मला तसं व्हायला हवं होतं, फार हवं होतं, आणि त्या हव्यासालाच मी देवाचा आवाज समजलो. हे त्या बापाला सांगायला मला आठ महिने लागले. एका संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बायकोला म्हणाला, चहा टाक. त्यानंतर तो उपासनेला पुन्हा येऊ लागला. त्या चहाचं ऋण माझ्यावर आहे. म्हणून तुमचे यजमान बरे होतील असं अभिवचन मी देणार नाही, आणि होणार नाहीत असंही म्हणणार नाही. दोन्ही माझ्या अखत्यारीतलं नाही.

आता फ्रिजवरच्या कार्डाकडे येऊ. वर्षाचं वचन काढण्याची आपली रीत मला प्रिय आहे. आमच्या घरी आई पितळेच्या डब्यात वचनांच्या चिठ्ठ्या ठेवायची. पण कार्डावर एक ओळ मावते, तिच्या मागचापुढचा शास्त्रभाग मावत नाही. ही ओळ लूकच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातली आहे. गब्रीएल देवदूत नासरेथातल्या मरीयेला ती म्हणतो. मरीयेवर त्या घडीला कुठलंही संकट नव्हतं. ना आजार, ना कर्ज. उलट त्या वाक्यानेच तिच्यावर संकट आलं. मागणी झालेली, लग्न व्हायचं असलेली मुलगी, आणि पोटी मूल. गावात काय बोललं जाईल हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे? पुढे बाळाला घेऊन मंदिरात गेली तेव्हा म्हाताऱ्या शिमोनाने तिला सांगितलं की तुझ्या जिवातून तलवार भोसकून जाईल. आणि शेवटी ती वधस्तंभाशी उभी आहे. ‘देवाला काहीच अशक्य नाही’ हे जिला सांगितलं गेलं, तिने आपल्या डोळ्यांनी मुलाला मरताना पाहिलं. तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानाबद्दल त्या शुक्रवारी तिला काही ठाऊक असल्याचं शास्त्र सांगत नाही.

हेच वाक्य थोड्या फरकाने खुद्द येशूच्या तोंडी दोनदा येतं. एकदा श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून जातो तेव्हा. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे तिथलंच. तिथे अशक्य गोष्ट म्हणजे पैशात अडकलेल्या माणसाचं मन, आजारपणाचा विषयच नाही. दुसऱ्यांदा गेथशेमाने बागेत, मार्कच्या १४ व्या अध्यायात. ‘अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर.’ आणि लगेच, ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या.’ ताई, हे सावकाश वाचा. तुमच्या कार्डावरचंच वाक्य देवाच्या पुत्राने देवबापाला म्हणून दाखवलं, घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळत असताना, तीन वेळा. दुःखाचा तो प्याला दूर झाला नाही. आता येशूचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे?

तेव्हा ते वचन देवाविषयी आहे. देव कोण आहे, त्याचा हात कुठवर पोचतो, एवढंच ते सांगतं. तुमच्या घरी काय होईल आणि कोणत्या तारखेला, याचा हवाला त्यात नाही. भरवसा ठेवायचा तो त्या देवावर. निकालावर ठेवलेला भरवसा प्रत्येक रिपोर्टबरोबर वरखाली होतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळायचा रक्तातला कचरा, उतरलं की देव चांगला, चढलं की देव कुठे गेला. दीड वर्ष तुम्ही हेच सोसता आहात, आणि त्यानेच दमला आहात.

म्हणजे देव काही करतच नाही, नुसतं सोसायचं, असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एका मावशींना पोटाच्या गाठीमुळे डॉक्टरांनी ‘आता घरी नेऊन सेवा करा’ म्हणून पाठवलं होतं. आम्ही प्रार्थना केली, रोज केली, आणि त्या त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. नातवाच्या लग्नात पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या. डॉक्टरांकडे त्याचं उत्तर नव्हतं, माझ्याकडे आहे, आणि ते मी मरेपर्यंत सांगत राहीन. पण त्याच आठवड्यात, त्याच वॉर्डात, तितक्याच कळकळीने ज्या तरुण पोरासाठी प्रार्थना केली तो गेला. मावशींची साक्ष मी मंडळीत उभा राहून दिली. त्या पोराची आई तिसऱ्या बाकावर बसली होती. तेव्हापासून एक साक्ष दिली की दुसरी पण सांगायची, हा नेम मी पाळला.

केडगावचं तुम्हाला माहीत असेल, पुणे-दौंड मार्गावरचं. पंडिता रमाबाईंचं मुक्ति मिशन तिथे आहे. आपल्या मराठी मंडळीत अशक्यातून निभावून नेलेल्यांचं नाव घ्यायचं तर मी त्यांचं घेतो, आणि चमत्कार आणि माती दोन्ही सांगून घेतो.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि मोठी बहीण गेली. भाऊ १८८० मध्ये गेला, नवरा १८८२ मध्ये पटकीने. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात लोक उपाशी मरताहेत हे कळल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. ज्या भुकेने आपले आईबाप नेले, तिला त्या ओळखत होत्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. कोणापुढे हात न पसरता, फक्त देवाकडे मागून म्यूलर यांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली होती. १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि केडगावात खाणारी तोंडं दोन हजारांच्या घरात गेली. नेमकं तेव्हाच पाणी आटलं. केडगावचा तो भाग मुळात अवर्षणाचा. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की वापरातल्या दोन विहिरी रोज संध्याकाळपर्यंत तळाला लागत, आणि सकाळी पुन्हा पाणी असे. एवढी माणसं, शंभरावर गुरं, बांधकाम, सगळं त्या दोन विहिरींवर.

मला यात सगळ्यांत भावतं ते असं, की सकाळचं पाणी त्यांनी देवाचं दान मानलं आणि तरी विहिरी खणायच्या थांबवल्या नाहीत. शेती होती, गाई होत्या, छापखाना होता, विणकाम होतं, घाणा होता. अंध मुलींना ब्रेल शिकवत होते. गुडघे टेकायचे आणि उठून टिकाव घ्यायचा. एकाने दुसऱ्याला कमीपणा येतो असं त्यांना कधी वाटलं नाही.

आणि मातीचं. उपासमारीने खंगलेल्या काही मुली केडगावला पोचूनही वाचल्या नाहीत. आणि ज्या मनोरमेने आपल्यामागे मुक्तीचं काम चालवावं म्हणून रमाबाईंनी तिला घडवलं, ती १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी आईच्या आधी गेली. रमाबाईंना तोवर नीट ऐकू येत नव्हतं, शरीर थकलं होतं. हिब्रू आणि ग्रीकमधून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करण्याचं अनेक वर्षांचं काम हातात होतं. त्यांनी ते चालूच ठेवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ज्या देवाने दोन हजार जणांच्या तोंडी पाणी घातलं, त्याने एका मुलीला का नेलं, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं की नाही कोण जाणे. मनोरमेच्या मातीनंतरही त्या टेबलाशी बसून वचनाचे मराठी शब्द जुळवत राहिल्या. भरवसा म्हटलं की मला ते टेबल दिसतं.

आता तुमच्या हातातलं. २ राजे, चौथा अध्याय. संदेष्ट्यांच्या मंडळातल्या एकाची विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आला आहे. अलीशा तिला विचारतो, ‘तुझ्या घरात काय आहे ते सांग.’ ती म्हणते, काही नाही, फक्त तेलाची एक कुपी. त्या ‘फक्त’वरच पुढचं सगळं उभं आहे. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडीथोडकी नको. दार लावून घे. ओत. भांडी संपली तेव्हा तेल थांबलं. मग तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यावर जगा. तेल वाढवणं देवाचं. दारोदार जाऊन भांडी मागणं तिचं. संकोच वाटला नसेल का तिला? नवरा गेलेली, कर्जात बुडालेली बाई, शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर उभी राहून रिकामी घागर मागते. विश्वासाला लाज गिळावी लागते ती अशी.

तुमच्या घरात काय आहे? रेशनकार्ड आणि आधार आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं; योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र असतो, त्याला जाऊन भेटा. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिस मिळतं. तुम्ही पत्रात खासगी केंद्राचा खर्च लिहिला आहे, म्हणून सांगतो. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. कर्जापैकी काही बिनपरवाना सावकाराकडून आहे असं दिसतं. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे, आणि अशा सावकाराची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. एकट्या जाऊ नका, मंडळीतल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर न्या.

आणि किडनी प्रत्यारोपणाचं. तुम्ही लिहिता, ‘देव बरं करणार म्हणून अजून नाव नोंदवलं नाही.’ ताई, नाव नोंदवा. याच आठवड्यात डॉक्टरांशी बोला. मेंदूमृत दात्याकडून अवयव मिळण्याची यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत चालते, आणि रुग्णालयातूनच नोंदणी होते. यादीत नाव नसेल तर पाळी कशी येणार? कायद्याने जवळच्या नातेवाइकात पत्नीही येते. तुमचा रक्तगट जुळत नसेल तर तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाबरोबर अदलाबदलीची तरतूदही कायद्यात आहे. तुम्ही किडनी द्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. सासरच्यांचा दबाव, मुलाची काळजी, तुमची स्वतःची तब्येत, सगळं डॉक्टरांसमोर एकट्याने बोला. दिली नाहीत तर देवाला तुमचं प्रेम कमी वाटेल असं कोणी म्हणालं तर त्या माणसाचं ऐकू नका. मी इस्पितळात असताना विश्वासणाऱ्या घरांत ही एक चूक वारंवार पाहिली. लोक चमत्काराची वाट पाहत नोंदणीची वेळ घालवतात. यादीतून आलेली किडनी कोण्या अनोळखी घराच्या दुःखातून येते, त्या घराने रडत रडत सही केलेली असते. यापेक्षा मोठा चमत्कार कुठला हवाय?

त्या सभेतल्या लोकांनी ‘बीज पेरा’ म्हणून पैसे मागितले, असंही तुम्ही लिहिलंय. देऊ नका. देवाची कृपा विकत मिळत नाही, आणि उसनवारीच्या पैशाने तर नाहीच.

प्रार्थनेविषयी. तुम्ही म्हणता, हल्ली शब्दच येत नाहीत, आणि आले तर रागाचे येतात. मग रागाचे म्हणा. स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ असंच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक तिरीपसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मंदिरात गायलं जात होतं. देवाला अपमान वाटला असता तर ते ठेवलं नसतं. डायलिसिसच्या चार तासांत ते हळू आवाजात वाचा, यजमानांना ऐकू येईल इतपत. आजारी माणसाला गोड वचनांचा कंटाळा येतो, हे तो घरच्यांना सांगत नाही. आपल्या मनातलं कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय हे ऐकून मी कित्येकांचे खांदे सैल झालेले पाहिलेत.

आणि विश्वास किती हवा? मार्कच्या नवव्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, ‘तुम्हाला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा.’ ‘असेल तर!’ मग ओरडून म्हणतो, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही. येशूने त्याला आधी विश्वास पुरा करून ये म्हणून परत पाठवलं नाही. त्याचा मुलगा बरा केला. अब्राहामाचंही तसंच. संततीचं अभिवचन मिळालं तेव्हा वय ७५, मुलगा इसहाक झाला तेव्हा १००. मधली पंचवीस वर्षं सरळ गेली नाहीत. वाट न पाहता दासी हागारेपासून मूल करून घेतलं, ते प्रकरण त्यातलंच. पौल रोमकरांस लिहिताना म्हणतो की आपलं शरीर निर्जीवासारखं झालंय याकडे अब्राहामाने नीट पाहिलं, आणि तरी त्याचा विश्वास ढळला नाही. म्हणून रिपोर्ट वाचायला घाबरू नका. रिपोर्ट न वाचण्यात विश्वास नसतो.

ज्या दिवशी तुमचा विश्वास अजिबात चालत नाही, त्या दिवशी दुसऱ्यांच्या विश्वासावर पडून राहा. कफर्णहूमात त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाली सोडलं. ‘त्यांचा विश्वास पाहून,’ असं मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाचा शब्द नाही. तो काय, नुसता पडून होता. तुम्हाला चार माणसं हवीत, आणि नुसती ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणणारी नकोत. गुरुवारी दुपारी डायलिसिसला सोबत बसेल असा एक. मुलाची शाळा बघेल अशी एक. डबा देईल असं एक घर. कागदपत्रांसाठी सरकारी कचेरीत चक्कर मारेल असा एक. तुमच्या पाळकांना ही चार कामं कागदावर लिहून द्या आणि रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवायला सांगा. मंडळीला नेमकं काम दिलं की मंडळी करते, हा माझा अनुभव आहे. मोघम मागितलं की मोघम प्रार्थना मिळते.

कार्ड फ्रिजवरून काढायचं का, असं तुम्ही विचारलंत, कारण यजमानांना ते डोळ्यांसमोर नको वाटतं. त्यांना नको असेल तर काढा, घर त्यांचंही आहे. फेकू नका. बायबलमध्ये मार्क १४ च्या पानावर ठेवा, गेथशेमानेच्या ओळीपाशी. तिथे ते आपल्या जागी राहील.

राहिला मुलगा. बारा वर्षांच्या मुलाला सगळं कळतं, आपण लपवतो तेही कळतं. ‘पप्पा बरे होतील ना?’ याला ‘हो’ म्हणू नका. मी एकदा तसं ‘हो’ म्हणालो होतो. ‘मला माहीत नाही’ असं म्हणायला घाबरू नका. आईने खरं सांगितलं की पोराला जमीन लागते. त्याला सांगा, ‘देवाला जमतं, आपण रोज मागतोय, डॉक्टरही करताहेत. कधी आणि कसं ते त्याने आपल्याला सांगितलेलं नाही. काही झालं तरी तू माझ्यापासून लपून रडायचं नाहीस, आणि मीही नाही.’

आणि त्याला एक काम द्या. पप्पांच्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे शिर आणि धमनी जोडून केलेली जागा, असेल. त्यावर बोट टेकवलं की आतून थरथर लागते, मांजर मांडीवर बसून गुरगुरतं तशी. ती रोज तपासायची असते. रात्री कुटुंब-प्रार्थनेच्या आधी त्याने हात स्वच्छ धुवावेत, दोन बोटं हलकेच तिथे ठेवावीत, आणि थरथर लागली की म्हणावं, ‘चालू आहे.’ मग तिघांनी मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथे जरा थांबा, घाई नको. ज्या रात्री थरथर कमी वाटेल किंवा लागणारच नाही, त्या रात्री सकाळची वाट बघू नका. प्रार्थना नंतर होईल, आधी डायलिसिस युनिटला फोन करा.